त्या फोटोतली ‘कत्तल’ आमचीच होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत "भर पावसाळ्यात जंगलात कत्तल" अशा मथळ्याचं एक पत्र आलं होतं, सोबत फोटोही होता. डोंगराचा उघडा पडलेला एक तुकडा, उपटून टाकलेल्या झुडपांचे ढीग, आणि कोयते-पहारी घेतलेले सहा-सात जण. आधी कबूल करून टाकते, त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात निळी टोपी घालून पाठमोरी उभी असलेली बाई मीच. ढीगही आमचेच. पत्र लिहिणारे काका रोज सकाळी तिथून फिरायला जातात असं त्यांनी लिहिलंय आणि त्यांचा राग मला खोटा वाटत नाही, उलट मुंबईत कुणाला तरी झुडूप तुटल्याचं वाईट वाटतं हे बघून बरंच वाटलं. पण जे तुटलं ते काय होतं हे त्या पत्रात कुठेच नाही, आणि नंतर जे झालं त्यामुळे हे पत्र लिहायलाच लागतंय.

मी कोण ते सांगते. मी बॉटनीत एमएस्सी केलं, कुठल्यातरी कॉलेजात शिकवायला लागेन असं घरच्यांना वाटत होतं, ते राहिलं आणि गेली अकरा वर्षं मुंबई-ठाण्याच्या आसपासच्या सरकारी जंगलांत हेच करते, कुठली परकी झाडं किती पसरलीत ते बघायचं, नकाशे करायचे, ती काढायची, आणि काढल्यावर तिथे काय उगवतं त्याची वही ठेवायची. कागदावर पदाचं नाव इकॉलॉजिस्ट, पाड्यावर मला घाणेरीवाली ताई म्हणतात, आणि सासूबाई कुणी विचारलं तर "ती फॉरेस्टात असते" एवढंच सांगतात. फॉरेस्टात मी नाही, कंत्राटावर आहे, दर अकरा महिन्यांनी माझा कागद नवा होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

तर त्या ढिगांत नव्वद टक्के घाणेरी होती. टणटणी म्हणा हवं तर. लहानपणी तिची फुलं खुडून मागनं मध चोखला नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही, काळी फळंही खाल्लीत आपण (हिरवी विषारी असतात, कुणी खाऊ नका). त्यामुळे ती आपलीच वाटते. पण ती मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली, 1800 नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत इंग्रजांनी शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या बागेत आणली, तिथून कुंपणाला म्हणून बंगल्या-बंगल्यांत गेली आणि मग पक्ष्यांनी बाकीचं काम केलं. 2020 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे 40 टक्के क्षेत्रात घाणेरी घुसलीय असं निघालं. मुंबईच्या जंगलांत वाघ नाहीत, बिबटे आहेत, पण घाणेरी तीच.

काकांनी लिहिलंय की तिथे फुलपाखरं असायची, आता दिसत नाहीत. बरोबर आहे, घाणेरीवर फुलपाखरं येतातच, भरपूर येतात. पण ती येतात मध प्यायला. हॉटेलात जेवायला गेलं म्हणजे तिथे राहायला गेलं असं होत नाही ना. अंडी घालायला त्यांना आपापलं झाड लागतं, अळी तेच खाते, दुसरं खात नाही. ब्लू मॉर्मन म्हणजे आपली राणी पाकोळी, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तिच्या अळीला लिंबाच्या कुळातलं झाड पाहिजे, जंगलात माकडलिंबू वगैरे. घाणेरीची जाळी माजली की खाली माकडलिंबाचं रोपटं उजेडाला येत नाही. म्हणजे घाणेरी फुलपाखराला नाश्ता देते आणि त्याच्या पोरांचं घर खाते. हे फोटोत येत नाही, फोटोत फक्त फूल आणि फुलपाखरू येतं.

आता घाणेरी काढतात कशी ते सांगते कारण "उपटून टाकली" असं वाचलं की वाटतं ओढली आणि आली. कोयत्याने वरवर कापली तर ती चिडल्यासारखी दुप्पट फुटते, एका खोडाचे आठ धुमारे. जाळली तरी बुंध्यातून परत येते. म्हणून आधी वरचा झाडोरा छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची, मग एकाने लांब काठीने झुडूप एका बाजूला दाबून धरायचं आणि दुसऱ्याने खाली बसून कुदळीने माती थोडी मोकळी करून जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं. खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथेच तिचे सगळे डोळे असतात, त्याच्या खाली तुटलं तर खालचं मूळ मरतं. मग अख्खं झुडूप उचलून मुळं आकाशाकडे करून उलटं ठेवायचं, म्हणजे मातीला टेकून परत जगायला नको. फोटोत जे ढीग "बेवारस फेकलेले" दिसतायत ते असे उलटे रचलेले आहेत. दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली, आमच्या मावशींनी ती दोन दिवसांत उचलली आणि तिसऱ्या दिवशी मलाच शिकवायला लागल्या की "ताई, तुमी लई खोल खणता, येळ जातो."

मावशी म्हणजे आमच्या टीमच्या मुकादम, जवळच्याच वारली पाड्यावरच्या, वय विचारलं की साठ म्हणतात, गेल्या पाच वर्षांपासून साठच. पावसाळ्यातच का काढता, चिखल करता, असं काकांनी विचारलंय त्याचं उत्तर मावशींच्या हातात बघायला पाहिजे. मे महिन्यात आमची जमीन दगडासारखी असते, मूळ तोडायला गेलं की कुदळ टणकन उडते. पाऊस पडून माती मऊ झाली की तीच मुळी सुरी घातल्यासारखी तुटते, एक बारीक कट्ट आवाज येतो, तो ऐकून मावशी सांगतात तुटली की नुसती सोलली. मला अजून तो आवाज नीट कळत नाही. आणि ऑक्टोबरनंतर काढायचं म्हटलं तर फळं पिकलेली, झुडूप हलवलं की शेकडो बिया जमिनीवर, म्हणजे काढता काढता पेरणी. वेळ मिळतो तो जून अखेर ते सप्टेंबर, त्यातही मधे चार-पाच दिवस मुसळधार पडला की उतारावर कुणाला पाठवता येत नाही.

काकांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करते. आम्ही तिथे एक साधा बोर्ड लावला नव्हता. काय काम चाललंय, कुणाच्या परवानगीने, काहीच नाही, मग जाणाऱ्याने काय समजायचं. चूक आमची.

आणि उघड्या उतारावरची माती वाहून जाईल ही त्यांची भीतीही खोटी नाही, ती चूक मी स्वतः करून बसलेय. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी जोश फार होता, एका डोंगरउतारावर सलग अर्धा एकर घाणेरी साफ केली, फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा, सगळ्यांनी वा वा केलं. आठव्या दिवशी असा पाऊस आला की वरची माती लाल पाण्यासारखी ओढ्यात गेली आणि खाली खडक दिसायला लागला. मोठ्या साहेबांनी काही म्हटलं नाही, मावशींनी म्हटलं, "आवो, डोंगराचं कापड काडलं तुमी." तेव्हापासून आम्ही पट्टे पाडतो, एक पट्टा काढायचा, शेजारचा ठेवायचा, काढलेल्या काठ्या आडव्या रचून बांध करायचा. ससे, रानडुकरं, बुलबुल यांनाही लपायला एकदम काही राहत नाही असं होत नाही. फोटो जवळून काढलाय म्हणून एकच पट्टा दिसतोय, पाच पावलं मागे आले असते तर हिरवा पट्टाही आला असता. असो.

पुढे काय झालं ते मात्र छापून आलं नाही. पत्र आलं, ते कापून कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलं, दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर मेणबत्ती मोर्चाची भाषा सुरू झाली, आणि वरून तोंडी निरोप आला की वातावरण शांत होईपर्यंत काम थांबवा. लेखी कुणीच देत नाही. आज थांबून आठवडा झाला. ज्या पट्ट्यात अर्धी मुळं तोडून झाली होती तिथे मी काल पावसात जाऊन आले, जी नुसती छाटून ठेवली होती आणि मूळ तोडायचं बाकी होतं त्यांना बोटभर धुमारे आलेत. बावीस बाया-माणसांचा रोज बुडाला तो वेगळाच.

मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल, बाकी सगळं प्रस्तावना समजा. घाणेरी काढायला पैसे मिळतात. ती काढल्यावर तीन-चार वर्षं त्या जागेवर लक्ष ठेवायला पैसे मिळत नाहीत. आणि खरं काम तेच आहे.

का ते सांगते. घाणेरी काढली की जमिनीला अचानक ऊन लागतं. मातीत आधी पडून राहिलेल्या तिच्याच बिया उगवतात, पहिल्या पावसात अक्षरशः मेथी पेरल्यासारखी रोपं. जिथे एखाद्या सुक्या फांदीवर बुलबुल बसतो त्याच्या बरोब्बर खाली तर वर्तुळच असतं, वर बघितलं की फांदी, खाली बघितलं की नर्सरी. ही रोपं वीतभर असताना दोन बोटांनी निघतात, पोरंसुद्धा काढतील. पुढच्या वर्षी गुडघ्याएवढी होतात, तेव्हा हातमोजे लागतात. तिसऱ्या वर्षी परत कुदळ. म्हणजे पहिल्या दोन पावसाळ्यांत महिन्यातून एकदा चार माणसं फिरली तरी पुरतं, आणि नाही फिरली तर आधी घातलेला सगळा पैसा मातीत. त्यात घाणेरी एकटी नसते, तिची जागा रिकामी झाली की रानमोडी येते, जंगली तुळस येते, आणि तो केशरी कॉसमॉस येतो ज्याच्यात उभं राहून लोक सप्टेंबरात रील काढतात.

माझ्या वहीत एक प्लॉट आहे, नंबर लिहीत नाही. तिथे आम्ही झकास काम केलं होतं, पट्टे पाडून, बांध घालून, काही चुकलं नव्हतं. एका कंपनीने सीएसआर म्हणजे समाजकार्याच्या निधीतून एका वर्षाचे पैसे दिले, टीशर्ट वाटले, मोठ्या लोकांच्या हस्ते शेवटचं झुडूप उपटलं (ते आम्ही आदल्या दिवशीच मूळ तोडून मातीत नुसतं रोवून ठेवलं होतं, साहेबांच्या हाताला लागू नये म्हणून). पहिल्या पावसाळ्यानंतर मी मीटरभर लांब-रुंद चौकट टाकून मोजलं तेव्हा दिंडा आला होता, कुडा आला होता, रानहळद होती, एका कोपऱ्यात ऐनाची तीन रोपं, ती कुणी लावली नव्हती, मातीत होतीच, फक्त वाट बघत होती. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला एवढं सांगितलं की तो कंटाळून झोपला. दुसऱ्या वर्षासाठी अर्ज केला तर उत्तर आलं, "ही साइट झालीय ना, नवीन साइट सुचवा." झालीय! जसं काही भिंत रंगवायची होती. माझा अकरा महिन्यांचा कागद संपला, नवा होऊन आला तोपर्यंत जुलै गेला होता. तिसऱ्या वर्षी गेले तर ऐनाची एकही काठी दिसेना, छातीएवढी रानमोडी आणि तिच्यावर चढलेली नवी घाणेरी, आधीपेक्षा दाट. रिपोर्टात ती जागा आजही "पूर्ण" अशीच आहे.

याच्या अगदी उलट आपल्याकडे झाडं लावण्याला कसा पैसा येतो बघा. वनमहोत्सव 1950 पासून चालू आहे, 1 ते 7 जुलै, चांगली गोष्ट आहे. राज्यात 2016 ला 2 कोटी, मग 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं. आकडे मोठे झाले की लावणारा माणूस काय करतो, जे झाड न मरता जगेल ते लावतो, कारण नंतर जगण्याची टक्केवारी विचारणार. आणि न मरता जगतं कोण तर गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मेक्सिकोकडचं झाड, नुसती काठी रोवली तरी फुटतं, आपली गुरं तोंड लावत नाहीत, पाणी नको, माया नको. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं तेव्हा लोक त्याला चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात. सुबाभूळही तसंच, 1980 च्या दशकात चारा आणि सरपण म्हणून घरोघर पोचवलं, आता नको म्हटलं तरी जात नाही. ज्यांनी लावलं त्यांना मी नावं ठेवत नाही, तेव्हा बोडक्या टेकड्या हिरव्या करायच्या होत्या आणि त्या झाल्या. हिरव्या झाल्या हे खरंच आहे. एप्रिल-मे मध्ये एकदा उंदीरमारीच्या दाट रानात दुपारी जाऊन उभे राहा, शेंगा तडतड फुटत असतात, बी उडून अंगावर येतं, आणि खाली बघा, नुसता पाचोळा. पक्ष्यांचा आवाज नाही म्हणण्याइतका कमी.

उंदीरमारीवरून एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका मोकळ्या सरकारी जमिनीवर एका संस्थेने देशी झाडं लावली, बकुळ, करंज, कळंब, यादी मीच करून दिली होती म्हणून खुशीत होते. प्रत्येक रोपाला आधाराची काठी बांधली, छान सुतळीने. पुढच्या वर्षी बोलावलं, "मॅडम, झाडं मस्त वाढलीत, बघायला या." गेले. झाडं डोक्याच्या वर गेली होती. बकुळ नव्हती ती, आधाराच्या काठ्या होत्या. ठेकेदाराने जवळच्या रानातून उंदीरमारीच्या ओल्या काठ्या तोडून आणल्या होत्या, त्यांनी मूळ धरलं आणि सावलीत बकुळ गेली. सुतळी तशीच होती. उद्घाटनाची पाटी पण.

आता कुणी म्हणेल की बाई परकं झाड दिसलं की मागे लागते. तसं अजिबात नाही हो. वडापावातला बटाटा दक्षिण अमेरिकेचा, ठेच्यातली मिरची तिकडचीच, चिंच आफ्रिकेतून आली, गुलमोहर मादागास्करचा. आपल्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष परके आहेत, विक्रोळीला हायवेच्या कडेने गुलाबी फुलतात ते टॅबेबुया परके आहेत, त्यांना हात लावायचं माझ्या मनात सुद्धा नाही, ते रस्त्यावर उभे आहेत तिथेच उभे राहतात, सावली देतात. भांडण परक्याशी नाही, जो न विचारता घुसतो आणि घरातल्यांना बाहेर काढतो त्याच्याशी आहे. फरक झाडाच्या पासपोर्टात नाही, त्याच्या वागण्यात आहे.

कायदाही आता हे ओळखतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, 2023 च्या एप्रिलपासून लागू आहे, त्यात परकीय आक्रमक प्रजातींची व्याख्या आली आणि त्यांची आयात, विक्री, बाळगणं, पसरणं यावर बंधन घालायचा अधिकार केंद्राला मिळाला. कागदावर छान आहे. पण रंगीबेरंगी घाणेरी आजही नर्सरीत कुंडीत मिळते आणि डिव्हायडरवर लावलेली दिसते. आणि राष्ट्रीय उद्यानासारख्या जागेत परवानगीशिवाय झाडझाडोरा हलवता येत नाही, ते बरोबरच आहे, पण एका पावसाळ्याच्या कामाची परवानगी दुसऱ्या पावसाळ्याला उपयोगी पडत नाही, फाइल परत पहिल्यापासून. घाणेरीला कुठलीच फाइल लागत नाही.

किडे सोडून का नाही मारत, असंही मला रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे विचारतात, कारण गाजर गवताचा मेक्सिकन भुंगा शाळेच्या पुस्तकापासून माहीत असतो. तो भुंगा 1984 ला आणला, गाजर गवतावर बरा चालतो. घाणेरीवर पण परदेशातून वेगवेगळे किडे आणून सोडून झालेत, तिने दाद दिली नाही. दक्षिणेत तिच्या काठ्यांचं वेतासारखं फर्निचर करतात, हत्ती सुद्धा केलेत खऱ्या मापाचे, 2021 ला ते लंडनच्या बागांत उभे होते. आपल्याकडे अजून ती चुलीच्या पुढे गेलेली नाही.

जलपर्णीचं तरी दुसरं काय होतंय. पवई असो की दुसरा कुठला तलाव, दरवर्षी मशीन लावून काढतात, ट्रकच्या ट्रक भरतात, पाणी दिसायला लागलं की फोटो येतो, आणि सांडपाणी येतंच राहतं त्यामुळे पुढच्या वर्षी परत हिरवा गालिचा. काढण्याचं बजेट आहे, येऊ न देण्याचं नाही.

मावशींना मी एकदा विचारलं होतं, ही सगळी घाणेरी गेली तर तुम्हाला काय मिळेल. मला वाटलं लाकूडफाटा, गुरांना गवत असं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या शेवळं, ती पावसाळी रानभाजी. त्यांच्या लहानपणी पहिला पाऊस पडायच्या आधी त्या उतारावर शेवळाचे कोंब निघायचे, आई जुड्या बांधायची, सोबत काकडाची आंबट फळं, त्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, आणि डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनबाहेर विकायला बसायच्या. काकडाची दोन म्हातारी झाडं अजून आहेत तिथे. शेवळं दिसत नाहीत, पण कंद खाली असेल असं मावशींचं म्हणणं आहे, "त्यो कुटं जातोय, वर जाळं हाय म्हनून निजलाय." मी शास्त्र शिकलेली, मला पुरावा पाहिजे, म्हणून त्या जागेला मी खुंट्या ठोकून ठेवल्यात. तो पट्टा गेल्या वर्षी मोकळा केला. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे तपकिरी-जांभळा एक कोंब होता, एकच, बोटभर. मी फोटो काढला, मावशींनी वाकून बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत, पदराने तोंड पुसलं आणि कामाला लागल्या. तो पट्टा काकांच्या फोटोच्या जरा बाहेर आहे, उजवीकडे, जिथे त्यांनी लाल गोल करून "हे बघा उजाड केलं" लिहिलंय तिथून साधारण वीस पावलांवर.

कारवीचं, म्हणजे डोंगरउतारावरच्या त्या झुडपाचं, पण तेच. सात वर्षांनी फुलते असं सगळीकडे छापतात, बोरिवलीच्या जंगलातला 2008 चा आणि मग 2016 चा बहर मात्र मला पक्का आठवतो, म्हणजे आठ. एकदा फुलून बी धरून मरते ती, मग सगळी मदार त्या बियांवर. त्या वर्षी जमिनीवर घाणेरीचं छप्पर असेल तर पुढची पिढी आलीच नाही असं समजा, आणि पाड्यावर कुडाच्या भिंतींना कारवीच्या काठ्या लागतात त्या कुठून आणायच्या. त्यामुळे कुणी म्हटलं की यंदा नको, वातावरण शांत झाल्यावर पुढच्या वर्षी करू, तर जंगलात पुढचं वर्ष दरवेळी पुढच्याच वर्षी येतं असं नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन-तीन गोष्टी मागते. वृक्षारोपणाचा फोटो छापाल तेव्हा खाली एवढं लिहा की झाड कुठलं लावलं आणि तिसऱ्या वर्षी पाणी-निंदणी कोण करणार. तोडल्याचा फोटो आला तर झाड कुठलं ते विचारून घ्या, मला फोन केलात तर रात्री अकराला पण सांगेन, मोबाइलवर पानाचा फोटो पाठवला तरी कळतं. आणि ज्या कंपन्या हजार झाडं लावायला उत्सुक असतात त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर, मला झाडं नकोत, चार माणसांचा पाच पावसाळ्यांचा रोज द्या. टीशर्ट नसले तरी चालतील.

आणि ते काका. मला तुमच्याशी भांडायचं नाहीये, रोज सकाळी त्याच वाटेने जाणारा आणि बदल टिपणारा माणूस मला पाहिजेच आहे, आमच्याकडे लक्ष ठेवायला माणूस नाही हेच तर रडगाणं आहे. काम परत सुरू झालं की पहिल्या रविवारी साडेसहाला गेटवर या, बाकीच्या फिरणाऱ्यांनाही आणा, नावं आठवडाभर आधी द्यावी लागतात, परवानगीचं मी बघते. बोर्ड तोपर्यंत लावलेला असेल, रंगवायला टाकलाय. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, घाणेरीचे ओरखडे दोन दिवस चुरचुरतात, आणि बागेतले जाड हातमोजे असतील तर घेऊन या, आमच्याकडे पाचच जोड उरलेत आणि त्यातला एक मावशी कुणाला देत नाहीत.

आपली,
घाणेरीवाली ताई
दहिसर, मुंबई